चिनी माती

उकंडा ढाणकीच्या बाजारातून परतला तो अंगणातूनच हाका मारत आला. तेव्हाच नलूच्या ध्यानात आलं, आज मामाजींचा, म्हणजे सासरे डोमाजींचा, चहा काही सुखासुखी व्हायचा नाही.

"बा, तुह्या किटल्या लपव." थोरल्या दिराने पायातल्या वहाणाही काढल्या नव्हत्या. "ढाणकीत पोट्ट्यायनं चिनी मालाची होळी केली. आता आपल्या गावात फुलचंद बंडी जुंपून निंगाला हाय. घरोघरी चिनी माल गोळा करून राह्यले. चावडीपुढं फोडतो म्हंते."

डोमाजींनी मान वर केली नाही. ओट्यावर पुढ्यात पाट मांडून ते बसले होते आणि त्यावरच्या मुठीएवढ्या तपकिरी किटलीच्या अंगावर बारीक धारेने गरम पाणी ओतत होते. हे काम चालू असताना घराला आग लागली, तरी आधी पाणी ओतून होईल आणि मगच ते उठतील, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"माल म्हंते," पाणी ओतून झाल्यावर ते म्हणाले. "माल म्हंजे काय, वांगे हायेत का कांदे?"

दिवाळीच्या तोंडावर सीमेवर लढाई पेटली होती. त्याआधी 'चिनी' हा शब्द गावात ऐकू यायचा तो लोणच्याच्या बरणीपुरता. आता पंचायतीच्या रेडिओपुढे संध्याकाळी माणसं दाटीवाटीने बसत आणि ज्यांनी आयुष्यात यवतमाळ पाहिलं नव्हतं, ते हिमालयात कुठली तोफ कुठे ठेवायला हवी होती यावर भांडत. कापूस वेचायला बायाच तेवढ्या जात. पोरांना मात्र हातपाय हलवायला काहीतरी हवं होतं, आणि हिमालय लांब होता.

डोमाजींच्या किटल्या तीन. मागच्या मोठ्या लढाईच्या शेवटी ते पलटणीच्या मजूर तुकडीबरोबर मलायात गेले आणि पिनांग नावाच्या बंदरात वर्षभर राहिले. परतताना बाकीच्यांनी मनगटी घड्याळं आणली, रेशमी रुमाल आणले. यांनी फडक्यात बांधून मातीच्या तीन किटल्या आणल्या. ना त्यांना झिलई, ना त्यांच्यावर फुलं. चाकावर न फिरवता, माती थापून आणि जोडून नुसत्या हाताने घडवलेल्या. त्यातली जी ठेंगणी, ढेरपोटी, चोच सदा वर करून बसलेली होती, तिचं नाव त्यांनी 'तानी' ठेवलं होतं, धाकट्या बहिणीवरून. दुसरी काळपट, कडेचा टवका उडालेली, ती 'जमादार'. आणि तिसरी, जिचं झाकण नेमकं बसायचं आणि ओतताना जिच्यातून थेंबही बाहेर सांडायचा नाही, ती 'रुखमी', गेलेल्या बायकोवरून. खऱ्या रुखमाबाईच्या हातून जन्मभर सांडतच आलं, असं तानाबाई, म्हणजे तीच धाकटी बहीण, सांगत. पण माणूस गेल्यावर त्याचं सांडणं कोण धरून बसतं?

या किटल्यांचे कायदे कडक होते. एका किटलीत एकाच जातीचा चहा. राख लावायची नाही, साबण लावायचा नाही, दूध आणि साखर तर दाखवायचीसुद्धा नाही. नुसत्या पाण्याने विसळायची आणि मऊ फडक्याने पुसायची. "माती चहा पेते," डोमाजी सांगत, "आन् वरसानुवरस पेली का मंग आपल्याले वापस देते." नलू लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्याला खूश करायला म्हणून 'जमादार' चुलीवर चढवला आणि त्यात दूध, साखर, आलं सगळं एकदम उकळलं. डोमाजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जमादार होता म्हून निभावलं. रुखमी असती तं माहेरी धाडली असती." कोणाला धाडलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची नलूची छाती झाली नाही.

एवढं सगळं असून गावाचा मात्र या किटल्यांवर कधी विश्वास बसला नव्हता. चिनी माती म्हणजे पांढरीफेक, गुळगुळीत, निळ्या फुलांची, हे शेंबडं पोरही सांगेल. ही तर कुंभाराघरची गाडगी. सोळा वर्षं डोमाजी येईल त्याला किटली उपडी करून बुडावरचा चौकोनी शिक्का दाखवत होते, आणि सोळा वर्षं माणसं मान हलवून, घरी जाऊन हसत होती. कोणी लांबलचक थाप मारली की गावात म्हणत, "हे बी चीनचंच काय?"

म्हणूनच उकंडाची बातमी ऐकून डोमाजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते भय नव्हतं. सुनेच्या नजरेला ते नेमकं दिसलं. म्हाताऱ्याला आतून आनंद झाला होता.

बळीराम आतून आला. तो धाकटा, गावच्या शाळेत मास्तर, आणि नलूचा नवरा. त्याच्या एका हातात तपासायच्या पाट्या होत्या, दुसऱ्या हाताने तो कपाळ पुसत होता.

"बाबा, हसू नका. मी मास्तर हाय. उद्या पोरांपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? मास्तरच्या घरात चिनी माल म्हणतीन. आधीच लोक म्हणून राह्यले का तुमचा बुद्ध चिन्यासारखा दिसते."

हे खरं होतं. धर्म घेतला त्या साली उकंडाने नागपुराहून बुद्धाची तसबीर आणली होती, आणि ती काढणाऱ्याने डोळे जरा जास्तच बारीक काढले होते. लढाई सुरू झाल्यापासून येणारे जाणारे तसबिरीकडे तिरकं बघत.

"बुद्ध आपला हाय," डोमाजी म्हणाले. "चहा त्यायचा हाय. एवढं साधं तुले शिकवता येत नाई तं कायचा मास्तर तू?"

तेवढ्यात घरातून ज्वारी सांडल्याचा आवाज आला. डोमाजी सोडून सगळे आत धावले. तानाबाई कणगीत कंबरेपर्यंत वाकून लोणच्याची बरणी ज्वारीत पुरत होत्या. नवरा गेल्यावर त्या भावाकडे आल्या त्या ही बरणी कडेवर घेऊनच, आणि तेव्हापासून घरातलं लोणचं हे त्यांचं राज्य होतं.

"आत्या, ती बरणी देशी आहे," बळीराम हताश होऊन म्हणाला. "बुडाला देशी कारखान्याचा शिक्का आहे. मीच तुला वाचून दाखवला होता. तिला चिनी माती नुसतं म्हणतात."

"म्हंतात ना? मंग झालं. पोट्टे काय बूड वाचतीन?" तानाबाई ज्वारी सारखी करत म्हणाल्या. "माही पांढरी बरणी फोडतीन आन् दादाचे गाडगे सोडतीन. हा न्याय हाय."

ते अगदी खरं होतं. देशी होतं ते चिनी म्हणवत होतं, आणि चिनी होतं त्याला गाव गाडगं म्हणत होतं.

नलूला इथेच वाट दिसली. "मामाजी," ती ओट्यावर परत येत, पदर सारखा करत म्हणाली, "गाडगं म्हंतात तं गाडगंच होऊ द्या. तिन्ही किटल्या माह्या उतरंडीत ठेवते. मिठाच्या गाडग्यावर एक, हळदीच्या गाडग्यावर एक. कोण पाह्यते?"

उकंडाला हे एकदम पटलं. बळीरामलाही पटलं, पण बायकोची युक्ती म्हणून त्याने थोडा वेळ घेतला. तानाबाई तर एक पाऊल पुढे गेल्या.

"आन् कोणी इचारलंच, तं सांगजो दादा, का आपल्या कुंभाराच्या हायेत."

"म्या खोटं बोलू?"

"एकडाव."

"तानी, सकाळी माह्या बाजूले बसून तूच म्हंटलं ना, मुसावादा वेरमणी? त्याचा अर्थ बळ्यानं समजून सांगितला ना? खोटं बोलणार नाई म्हून. त्यात एकडावची सूट हाय का रे मास्तर?"

मास्तरांनी पाट्या या हातातून त्या हातात घेतल्या. "लपवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे," तो म्हणाला.

"बरं, लपवा मंग. तानीले आन् जमादाराले न्या." डोमाजींनी रुखमीवर तळहात ठेवला. "हे नाई उठणार. हिच्यात चहा मुरून राह्यला."

"एका किटलीपायी, बाबा." बळीरामचा आवाज चढला. "मातीच्या एका किटलीपायी घराची शोभा करणार तुम्ही?"

डोमाजी बोलले ते नेहमीच्या फुशारकीच्या आवाजात नाही. नलूने पिनांगची गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की तिला ती पाठ होती. त्यात जहाज होतं, नारळ होते, इंग्रज साहेबाची फजिती होती. हे मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"पलटणीच्या बाजूले एका चिन्याचं चहाचं दुकान व्हतं. म्या रोज भाईर उभा राहो. वास घेवो आन् वापस जावो. एक दिवस त्यानं हात धरून आत नेलं. चहा ओतला. कप एकच व्हता. आधी तो पेला, मंग त्यानं तोच कप भरून मले देला." त्यांनी किटलीवरचा हात काढला नव्हता. "मले वाटलं याले माहीत नसन. म्हून म्या त्याले खुणेनं सांगितलं, का बाप्पा, आमचा कप येगळा रायते, आमच्या गावात नानाजीच्या हाटेलात आमचा कप भाईर खुंटीले टांगला रायते, आम्हीच धुतो आन् आम्हीच टांगतो. त्याले काही समजलं नाई. तो हासला आन् अजून चहा ओतला. येताना ही किटली त्यानं देली. बाकी दोन म्या पगारातून घेतल्या. आता तू म्हंतं, मी सांगू का ही किटली त्याची नाईच?"

तानाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक असावी, कारण त्यांनी भावाकडे न बघता नलूला दटावलं, "पाह्यतं काय माय? त्या दोन उचल."

नलूने 'तानी' आणि 'जमादार' उचलले. एक मिठाच्या गाडग्यावर आणि दुसरा हळदीच्या गाडग्यावर असे उतरंडीत बसवले. खरंच ते इतके बेमालूम बसले की तिलाच क्षणभर वाईट वाटलं.

बंडी आली ती वाजतगाजत. 'भारत माता की जय'ची ललकारी वस्तीच्या तोंडाशी झाली, आणि पोरं आत शिरताना आवाज जरा कमी झाला. या पोरांपैकी निम्म्यांचे पाय बौद्धवस्तीला पहिल्यांदाच लागत होते. बंडीत कपबशा होत्या, दोन बरण्या होत्या, आणि रामराव पाटलांच्या वाड्यातला पांढरा मातीचा कुत्रा होता. तो कुत्रा पाटलीणबाईंनी अकोल्याच्या जत्रेत जिंकला होता, पण लढाईच्या दिवसांत कोणाचं ऐकून घेतलं जातंय?

फुलचंद पुढे होता. नानाजी हॉटेलवाल्याचा मुलगा, विशीतला, उमरखेडला शिकून आलेला. हॉटेलच्या गल्ल्यावर आता तोच बसायचा. खुंटीवरचा कप धर्मांतरानंतर वस्तीतल्या कोणीच पुन्हा हातात घेतला नव्हता. वस्ती नानाजीच्या हॉटेलात जायचीच बंद झाली होती. कप मात्र अजून तिथेच टांगलेला होता, असं उकंडा सांगायचा.

"मास्तर, घरात काही चिनी माल हाय का?" फुलचंदने विचारलं.

बळीरामने तोंड उघडलं, मिटलं, आणि चिनी माती हा शब्दप्रयोग कसा फसवा आहे हे समजावून सांगायला सुरुवात केली. पोरं जांभया द्यायला लागली. तेवढ्यात फुलचंदची नजर पाटावरच्या रुखमीवर गेली. त्यानेही सोळा वर्षं तेच ऐकलं होतं. लहानपणी कुंपणाबाहेर उभा राहून तो इतर पोरांबरोबर 'हे बी चीनचंच काय' ओरडलेलाही होता.

"बुवा," तो गालात हसत म्हणाला, "तुमची ती किटली चीनची व्हय ना?"

मागची पोरं फिदीफिदी हसली. नलूला दिसलं की डोमाजींची छाती भरून आली आहे, सोळा वर्षं दाटलेलं उत्तर गळ्यापर्यंत आलं आहे. त्याच वेळी घरातून काहीतरी धावत आलं. त्या तानाबाई होत्या, कडेवर बरणी, केसांत ज्वारीचे दाणे.

"हे घ्या," त्यांनी बरणी फुलचंदच्या छातीशी नेऊन टेकवली. "हे चिनी माती. पांढरीफेक हाय, पाहून घे. माह्या सासूच्या हातची बरणी हाय, लोणच्यासगट घेऊन जा. आता निंगा."

फुलचंदने गोंधळून बरणी घेतली आणि मागच्या पोराकडे दिली. बळीरामने डोळे मिटले. काम झालं होतं. पोरं वळलीसुद्धा. डोमाजींनी फक्त गप्प बसायचं होतं.

"थांबा," डोमाजी म्हणाले. "त्यानं मले इचारलं. म्या उत्तर देलं नाई अजून." त्यांनी किटलीवर हात ठेवला. "हाव. चीनची हाय. चिन्यानं घडवली, चिन्यानंच मले देली. म्या खोटं बोलत नाई."

त्यावर पोरं अशी हसली की बंडीचे बैल बिथरले. एकाने तर खाली बसून मांडी थोपटली. "बुवा सुधरणार नाई," कोणीतरी म्हणालं. बळीरामच्या अंगातला ताण एकदम सुटला. नलूलाही हसू फुटणार होतं, पण तिने सासऱ्याचा चेहरा पाहिला आणि ते जागीच विरलं. खरं बोलून किटली वाचली होती, आणि त्या खऱ्याचं कोणी काडीएवढं मोल केलं नव्हतं.

डोमाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पुढ्यातला कप सरळ केला, रुखमी तिरपी केली, आणि पिवळसर तांबूस चहाची धार न सांडता कपात पडली.

"फुलचंद," ते म्हणाले, "तू हाटेलवाल्याचा पोरगा हायेस. चहा तुले समजते. ये, बस. पेऊन सांग, चीनची हाय का नाई."

हसणं थांबलं. ते कसं थांबलं हे नलूला पुढे कितीही वर्षांनी आठवायचं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी बैलाची वेसण सारखी केली, कोणी वर बघितलं. चीनशी लढायला निघालेली फौज एका कपाशी येऊन अडली होती.

"उशीर होऊन राह्यला, फुलचंद," बंडीवरचा एक जण म्हणाला.

फुलचंद ओट्याच्या पायरीशी उभा होता. त्याची नजर कपावर होती. मग तो पायरी चढला आणि डोमाजींच्या समोर, खाली, मांडी घालून बसला. त्याने कप उचलला आणि एक घोट घेतला.

त्याचं तोंड आधी कडू झालं. नानाजीच्या हॉटेलात चहा म्हणजे साखरेचा पाक. त्याने दुसरा घोट घेतला, तो सावकाश, आणि तोंडात धरून ठेवला. तिसऱ्या घोटाला त्याचे डोळे बारीक झाले. चहाच्या वासातच लहानाचा मोठा झालेला पोरगा तो, आणि असा वास त्याने जन्मात घेतला नव्हता. त्याने कप खाली ठेवला, किटली दोन्ही हातांत घेतली, थोडी उंचावली आणि बुडाखाली बघितलं. तो चौकोनी शिक्का त्याने बराच वेळ पाहिला. मग वर बघितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा निघून गेली होती.

नलूला कळलं की याला कळलं. बळीरामलाही कळलं असावं, कारण तो हातातल्या पाट्या खाली ठेवून किटलीकडे सरकला.

"काय रे, हाय का चिनी?" बंडीवरून विचारणा झाली.

फुलचंदने किटली पाटावर ठेवली आणि झाकण बोटाने नीट बसवलं. "नाई," तो पोरांकडे न बघता म्हणाला. "आपल्या कुंभाराचं गाडगं हाय. चला."

कपात उरलेला चहा त्याने एका दमात संपवला. उठला. पायरी उतरताना खालच्या आवाजात म्हणाला, "येतो, काका." या घरात गावातल्या कोणी डोमाजींना काका म्हटल्याचं नलूला आठवत नव्हतं.

बंडी निघून गेली. ललकारी चावडीच्या दिशेने लांबत गेली आणि तिच्यात तानाबाईंची बरणीही गेली. पोरांनी ती फोडायच्या आधी लोणचं खाऊन घेतलं, असं दुसऱ्या दिवशी समजलं, आणि तानाबाई मरेपर्यंत चीनच्या लढाईचा विषय निघाला की त्या लोणच्यापाशीच येऊन थांबत. पण त्या दुपारी त्या बरणीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. केसांतले दाणे झटकत त्या भावाशेजारी येऊन बसल्या.

बळीरामने मोठा श्वास सोडला. "सुटलो बाबा एकदाचे."

डोमाजींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी पटलं होतं, आणि आता ते गावात कुठेही सांगायची सोय उरली नव्हती. नलूला वाटलं, म्हातारा या गोष्टीने खट्टू झाला असेल. ती चहाचं सामान आवरायला वाकली, तर मामाजींचे डोळे डबडबलेले होते आणि ते हसत होते.

"खोटं बोलला पोट्टा," ते म्हणाले.

"बोलू दे," तानाबाई म्हणाल्या. "त्यानं कुठं पंचशील घेतलं हाय?"

"तसं नाई, तानी." डोमाजींनी पंच्याने डोळे पुसले. "नानाजीचा पोरगा हाय तो. आपल्यासाठी खोटं बोलला."